ट्रॅक्टरची लिफ्ट वारंवार ढिली पडते तेव्हा: पंपाआधी तेल तपासा

सोयाबीनच्या पेरणीच्या तोंडावर आणि पुन्हा गव्हाच्या तयारीच्या दिवसांत माझ्या वर्कशॉपमध्ये एकाच तक्रारीचे ट्रॅक्टर येतात: लिफ्ट, म्हणजे तेलाच्या दाबाने मागचे अवजार उचलणारी यंत्रणा, उचलत नाही, आणि मागच्या हंगामात काम करून घेतले होते तरी पुन्हा तेच झाले आहे. इंदूरला देवास नाक्याच्या बाजूला मी हे काम करतो आणि सांवेर, देपालपूर, हातोद, महू अशा सगळ्या बाजूंचे ट्रॅक्टर इथे येतात. पंप बदलून झालेला, सील किट दोनदा टाकून झालेले आणि मूळ दोष मात्र तेलातच राहिलेला, असे ट्रॅक्टर मी इतके पाहिले आहेत की मालकाने पंपाचे नाव काढले तरी मी आधी डिपस्टिक बाहेर काढतो. तपासणीचा जो क्रम मी पाळतो, तोच इथे लिहीत आहे. त्यातल्या सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही आणि पुष्कळदा दोष तिथेच सापडतो.

लक्षणे

लिफ्ट वर जाते पण फार सावकाश जाते, किंवा रिकामी वर जाते आणि रोटाव्हेटर अथवा पलटी नांगर लावला की अर्ध्यात थांबते. सकाळी पहिला तासभर ती चांगली चालते आणि दुपारी ट्रॅक्टर तापल्यावर दम सोडते. काही ट्रॅक्टरांत याच्या नेमके उलट होते, म्हणजे सकाळी लिफ्ट जड असते आणि तापल्यावर मोकळी होते. लिव्हर टाकल्यावर मागून बारीक शिटीसारखा किंवा खडे घोळवल्यासारखा आवाज येतो. लिफ्ट एकसारखी न चढता धक्के खात चढते. डिपस्टिकच्या तोंडाशी फेस दिसतो, किंवा तेल ताकासारखे पांढरट दिसते. ऑइल ब्रेकच्या ट्रॅक्टरांत ब्रेक दाबताच मागच्या धुऱ्यातून करकर येते आणि थरथर जाणवते.

यातले ब्रेकचे लक्षण मालक बहुधा वेगळे धरतात, कारण ब्रेक आणि लिफ्ट यांचा संबंध वरून दिसत नाही. पण आजच्या पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल, तेलात बुडालेल्या ब्रेकच्या प्लेटा आणि लिफ्ट या सगळ्यांना एकाच टाकीतले तेल पुरते. अशा ट्रॅक्टरात लिफ्ट ढिली आणि ब्रेक करकरणारे असे दोन्ही एका महिन्यात सुरू झाले असतील, तर माझा पहिला संशय तेलावरच जातो.

एक लक्षण मात्र बाजूला काढावे. इंजिन बंद केल्यावर उचललेले अवजार पाच-दहा मिनिटांत हातभर खाली येत असेल, तर तो पंपाचा दोष नव्हे, कारण त्या वेळी पंप फिरतच नसतो. तेथे सिलिंडरच्या पिस्टनचे सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळत असते. हे तेल बदलून सुटत नाही आणि पंप बदलूनही सुटत नाही. ही परीक्षा करताना अवजाराच्या खाली किंवा अगदी जवळ कोणी उभे राहू नये.

पहिली तपासणी: लिव्हर आणि वजन

हे फार साधे वाटते, पण हंगामात दोन-चार ट्रॅक्टर केवळ याच कारणाने येतात. पोझिशन कंट्रोल (अवजाराची उंची ठरवणारा) आणि ड्राफ्ट कंट्रोल (जमिनीतल्या ओढीप्रमाणे अवजार वर-खाली करणारा) यांचे लिव्हर आपापल्या जागी आहेत का, ते पाहावे. ट्रॉलीसाठी बाहेर तेल काढणारा व्हॉल्व्ह असेल, तर तो पुन्हा लिफ्टकडे वळवला आहे का, तेही पाहावे. ट्रॉली सोडताना तो अर्धवट राहिला तर तेल दोन्हीकडे वाटले जाते आणि लिफ्टला जोर पुरत नाही. काही जुन्या बांधणीच्या ट्रॅक्टरांत पीटीओचा, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा, लिव्हर टाकल्याशिवाय हायड्रॉलिक पंप फिरतच नाही, आणि नवा ड्रायव्हर आला की हे हमखास विसरले जाते. शेवटी, नवे अवजार घेतल्यापासून तक्रार सुरू झाली असेल, तर त्याचे वजन ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या उचल क्षमतेशी ताडून पाहावे.

दुसरी तपासणी: तेलाची पातळी

ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा करावा, लिफ्टचे दोन्ही हात पूर्ण खाली सोडावेत, इंजिन बंद करावे आणि दहा-पंधरा मिनिटे थांबावे. मग डिपस्टिक पुसून, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी. घाईत घेतलेले माप खोटे निघते, कारण गिअरांनी उडवलेले तेल वरच्या भिंतींवरून खाली उतरायला वेळ लागतो, आणि लिफ्ट वर असेल तर सिलिंडरमध्ये गेलेले तेल मापात येत नाही.

पातळी महत्त्वाची का, तर पंप तेल जिथून ओढतो ते तोंड तेलात पूर्ण बुडालेले असावे लागते. पातळी थोडी जरी उतरली तरी चढावर किंवा नांगरटीत एक चाक तासात गेल्यावर तेल एका बाजूला सरकते आणि पंप तेलाबरोबर हवा ओढू लागतो. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. त्यामुळे लिफ्ट धक्के खाते, तेलाला फेस येतो आणि आवाज सुरू होतो. जास्त तेल भरणेही चांगले नाही, कारण गिअर ते घुसळतात, तेल तापते आणि फेस वाढतो.

पातळी कमी आढळली तर नुसते तेल ओतून विषय संपवू नये. तेल गेले कुठे, हे शोधावे. मागच्या धुऱ्याची सीले, पीटीओच्या शाफ्टचे सील, बाहेरचे पाइप आणि ड्रेन बोल्ट एवढ्या जागा पाहिल्या की बहुधा उत्तर मिळते. बाहेर कुठेच ओल नसेल, तर ते तेल बहुधा ट्रॉलीत गेलेले असते.

ट्रॉलीचे तेल: वारंवार उलटणाऱ्या दोषाचे मूळ

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण माझ्या अनुभवात "दुरुस्त केले आणि पुन्हा तेच झाले" या तक्रारीचे सर्वांत दुर्लक्षित कारण हेच आहे.

हायड्रॉलिक ट्रॉली ट्रॅक्टरच्याच टाकीतले तेल घेऊन उचलली जाते. १०० मिलीमीटर व्यासाचा आणि १ मीटर दांड्याचा सिलिंडर पूर्ण उघडायला जवळजवळ ८ लिटर तेल लागते. ट्रॉली वर असताना तेवढे तेल टाकीतून कमी झालेले असते, म्हणून टाकी आधीच थोडी उणी असेल तर नेमक्या त्याच वेळी पंप हवा ओढतो. हा झाला एक भाग. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ट्रॉली खाली आल्यावर ते तेल ट्रॅक्टरमध्ये परत येते, पण सगळे परत येत नाही. पाइपात आणि दांड्याभोवतीच्या फटीत काही तेल उरतेच. पुढच्या वेळी त्याच ट्रॉलीला दुसरा ट्रॅक्टर जोडला की ते उरलेले तेल त्याच्या टाकीत जाते.

सांवेरकडच्या एका मराठी कुटुंबाचा ट्रॅक्टर दोन हंगामांत तीन वेळा माझ्याकडे आला. आधी दुसरीकडे त्याचे सील किट झाले होते आणि पंपही नवा टाकला होता. मी तेल काढले तर ते राखाडी, पाणी शिरलेले. टाकी स्वच्छ केली, पुस्तकात सांगितलेले तेल भरले, जाळी धुतली आणि ट्रॅक्टर पाठवला. दोन महिन्यांनी तो परत आला आणि तेल पुन्हा तसेच. पाणी शिरण्याची एकही वाट मला ट्रॅक्टरवर सापडेना. शेवटी मी विचारले, "काका, ट्रॉली कुणाची वापरता?" तेव्हा कळले की ट्रॉली तीन घरांत मिळून आहे, कांदा-बटाटा चोइथराम मंडीत न्यायचा असो की सोयाबीन छावनीच्या मंडीत, जो रिकामा असेल तो आपला ट्रॅक्टर जोडतो. तिन्ही ट्रॅक्टर वेगवेगळ्या कंपन्यांचे होते आणि त्यांत तीन प्रकारचे तेल होते. ट्रॉलीच्या सिलिंडरचा पाइप खाली सोडून मी तेल एका बादलीत काढले, तर तळाशी पाण्याचा वेगळा थर बसला आणि त्याखाली काळ्या मातीचा गाळ. दोष ट्रॅक्टरात नव्हताच. आम्ही सिलिंडर रिकामा करून धुतला, तिन्ही घरांनी एकाच प्रतीचे तेल ठरवले, आणि त्यानंतर तो ट्रॅक्टर त्या तक्रारीसाठी आला नाही.

म्हणून ट्रॉली, पलटी नांगर किंवा लोडर भागीत अथवा भाड्याने वापरत असाल, तर ट्रॅक्टरमधले तेल बदलण्याआधी त्या अवजारातले तेल पाहावे. पाइपांची मोकळी तोंडे धुळीत लोंबकळत ठेवू नयेत; त्यांवर बसणाऱ्या टोप्या किरकोळ किमतीला मिळतात आणि जोडण्याआधी दोन्ही तोंडे स्वच्छ फडक्याने पुसायला अर्धे मिनिट लागते. आपल्याकडची काळी माती कोरडी असताना पिठासारखी बारीक असते. ती तेलात गेली की पंप आणि व्हॉल्व्ह यांच्या घासणाऱ्या भागांवर कानशीसारखे काम करते.

तिसरी तपासणी: तेल काचेच्या बाटलीत

काम करून आल्यावर, तेल कोमट असताना, एका पारदर्शक स्वच्छ बाटलीत पावशेर तेल काढावे आणि रात्रभर हलवू नये. सकाळी ती बाटली उजेडात धरली की बरेच काही कळते. तेल ताज्या तेलासारखे स्वच्छ असेल तर उत्तम. दुधाळ असेल, तर त्यात पाणी आहे. वर फेस होता आणि सकाळपर्यंत तो बसून तेल स्वच्छ झाले, तर हवा आहे, पाणी नाही. काळपट आणि जळका वास येणारे तेल फार तापलेले किंवा फार जुने आहे. तळाशी चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवून पाहावे: चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, म्हणजे गिअर किंवा बेअरिंगचे, न चिकटणारे पिवळे कण पितळ-काशाच्या बुशांचे. थोडासा बारीक चुरा ड्रेन बोल्टच्या चुंबकावर नेहमीच सापडतो, पण नखाएवढे तुकडे सापडले तर ट्रॅक्टर चालवू नये.

पाण्याबद्दल शंका उरली तर एक जुनी परीक्षा आहे. एक जाड लोखंडी पत्रा उघड्या जागेत चांगला तापवावा, तो ज्योतीपासून दूर घ्यावा आणि डोळ्यांना चष्मा लावून त्यावर तेलाचा एकच थेंब टाकावा. तेल शांतपणे पसरून धुरकटले तर त्यात पाणी जवळजवळ नाही; फोडणीसारखे तडतडले तर पाणी आहे.

पाणी येते कुठून? गिअर लिव्हरखालचे रबर फाटलेले असते आणि ट्रॅक्टर पावसात उघडा उभा असतो. शेतातल्या मोटरच्या जोराच्या पाण्याने धुताना ब्रीदरच्या, म्हणजे टाकीत हवा ये-जा करणाऱ्या छिद्राच्या, तोंडातून पाणी आत जाते. पावसाळ्यात ट्रॅक्टर थोडा वेळ चालून थंड होतो, पुन्हा चालतो, आणि टाकीतल्या दमट हवेचे पाणी भिंतींवर जमत राहते. रबर आणि ब्रीदर न बदलता नुसते तेल बदलणे म्हणजे पुढच्या श्रावणात पुन्हा तोच खर्च करणे.

चौथी तपासणी: थंड आणि गरम यांतला फरक

या परीक्षेला फक्त घड्याळ लागते, आणि हजारो रुपयांचे चुकीचे काम तिने मी वाचवलेले आहे. सकाळी ट्रॅक्टर थंड असताना, नेहमीचे अवजार लावून, इंजिनाचा वेग ठरवून लिफ्ट तळापासून वरपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मोजावे. दोन तास काम करून, त्याच अवजाराने आणि इंजिनाच्या त्याच वेगावर पुन्हा मोजावे.

थंडीत वेळ जास्त आणि गरम झाल्यावर कमी लागत असेल, तर तेल नको इतके जाड आहे किंवा ओढण्याच्या बाजूची जाळी तुंबलेली आहे. पंपाला तेल पुरेसे मिळत नाही. थंडीत लिफ्ट चांगली आणि गरम झाल्यावर सुस्त होत असेल, तर तेल नको इतके पातळ आहे किंवा पंप आणि सिलिंडर झिजले आहेत. तापून पातळ झालेले तेल झिजलेल्या फटींतून मागे निसटते. दोन्ही वेळी सारखीच सुस्त असेल, तर आधी फिल्टर आणि मग दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह यांच्याकडे पाहावे.

इंदूरच्या हवेत या फरकाला खरा अर्थ आहे. जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या खाली येतो आणि मे महिन्यात दुपारी ४० च्या वर जातो. आयएसओ व्हीजी ६८ या प्रतीचे तेल ४० अंश तापमानाला सुमारे ६८ सेंटिस्टोक्स (दाटपणा मोजण्याचे एकक) इतके दाट असते, आणि तेच तेल १०० अंशांना ८-९ सेंटिस्टोक्सपर्यंत पातळ होते. म्हणजे एकाच टाकीतले एकच तेल दिवसभरात कित्येक पटींनी बदलते. म्हणूनच थंडी-गरमीत कमी बदलणाऱ्या बहुश्रेणी तेलाला, ज्यावर १०डब्ल्यू-३० असे दोन आकडे लिहिलेले असतात, इतके महत्त्व आहे.

पाचवी तपासणी: टाकीत नेमके कोणते तेल आहे

मालकाला मी नेहमी हाच प्रश्न विचारतो आणि बहुधा उत्तर "नव्वद नंबर" किंवा "अडुसष्ट नंबर" असे मिळते. दोन्ही तेले खरी आहेत, चांगली आहेत, पण ती एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि एकाच टाकीच्या ट्रॅक्टरात बहुधा दोन्ही चूक ठरतात.

नव्वद नंबरचे गिअर तेल दातांवर येणारा जबर दाब सोसण्यासाठी बनवलेले असते. १०० अंशांना त्याचा दाटपणा १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स असतो, म्हणजे व्हीजी ६८ च्या दीडपटीहून जास्त. थंडीत ते इतके जाड होते की पंपाला ते जाळीतून ओढणे कठीण जाते, पंपात पोकळ्या तयार होतात आणि त्या फुटताना तो खडे घोळवल्यासारखा आवाज येतो. त्या पोकळ्या पंपाचा धातू खातात. शिवाय जीएल-५ या प्रतीच्या तेलात गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये जीएल-४ च्या सुमारे दुप्पट असतात; ती गरम तेलात पितळ-काशाच्या भागांना इजा करू शकतात आणि तेलात बुडालेल्या ब्रेकच्या प्लेटांसाठी तर हे तेल बनवलेलेच नसते.

इथे एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. नव्वद हा आकडा चाळीसच्या दुपटीहून मोठा आहे, म्हणून ते तेल चाळीस नंबरच्या इंजिन तेलाच्या दुपटीने जाड असेल, असे पुष्कळ जण समजतात. तसे नाही. गिअर तेलाचे आणि इंजिन तेलाचे आकडे वेगळ्या पट्ट्यांवरचे आहेत. नव्वद नंबरचे गिअर तेल दाटपणात चाळीस ते पन्नास नंबरच्या इंजिन तेलाच्या आसपास असते. आणि व्हीजी ६८ मधला ६८ हा तर तिसऱ्याच पट्टीवरचा आकडा आहे. तीन पट्ट्यांवरचे आकडे एकमेकांशी ताडून तेल निवडले की चूक होणारच.

अडुसष्ट नंबरची गोष्ट अधिक फसवी आहे. ट्रॅक्टरसाठी बनवलेले एकत्रित तेल आणि व्हीजी ६८ यांचा दाटपणा ४० अंशांना जवळपास सारखाच असतो. त्यामुळे नव्वद नंबर काढून अडुसष्ट भरले की लिफ्ट लगेच मोकळी होते, मालकाला वाटते इलाज सापडला, आणि तो शेजाऱ्यालाही तेच सांगतो. पण लिफ्टला सोसणारे ते तेल गिअरांच्या दातांना पुरेसे संरक्षण देत नाही आणि ब्रेकच्या प्लेटांना लागणारी घर्षण सांभाळणारी द्रव्ये त्यात नसतात. काही महिन्यांनी ब्रेक करकरू लागतात, आणि ही करकर त्या तेलामुळे आहे हे कोणाच्या लक्षात येत नाही.

जे तेल हवे ते असे: गिअर, लिफ्ट आणि तेलातले ब्रेक या तिन्हींसाठी बनवलेले ट्रॅक्टर ट्रान्समिशन तेल. बादलीवर ते बहुधा यूटीटीओ या अक्षरांनी ओळखले जाते. इंजिनालाही चालणारे असे आणखी एक सर्वकामी तेल असते, त्यावर एसटीओयू लिहिलेले असते. यूटीटीओ मात्र इंजिनात कधीही घालू नये. बादलीच्या मागच्या बाजूला ट्रॅक्टर कंपन्यांच्या प्रतींची नावे छापलेली असतात, जसे जॉन डीअरचे जे२०सी किंवा मॅसी फर्ग्युसनचे एम११४१ आणि एम११४५. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात जी प्रत लिहिली आहे तीच बादलीवर दिसली पाहिजे. दुकानदाराने "सगळ्यांना चालते" असे सांगितले, तरी ते अक्षर स्वतः वाचल्याशिवाय मी तेल घेत नाही.

हेही तितकेच स्पष्ट सांगितले पाहिजे की जुन्या, कोरड्या ब्रेकच्या काही ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि लिफ्ट यांच्या टाक्या वेगळ्या असतात. तेथे गिअरबॉक्सला नव्वद नंबर आणि लिफ्टला वेगळे हायड्रॉलिक तेल हेच बरोबर असू शकते. म्हणून शेजारच्या ट्रॅक्टरवरून नक्कल न करता पुस्तक पाहावे. पुस्तक हरवले असेल, तर मॉडेल आणि चासी क्रमांक देऊन अधिकृत विक्रेत्याकडून तेलाचा तक्ता मिळवावा. पॉवर स्टिअरिंगची छोटी टाकी वेगळी असेल, तर तिचे तेलही वेगळे असू शकते. ब्रेक फ्लुइड हे तर खनिज तेलच नाही. ते लिफ्टमध्ये गेले तर सीले खराब होतात.

सुटे तेल, म्हणजे उघड्या पिंपातून मापाने दिलेले, लिफ्टसाठी घेऊच नये. सीलबंद बादली घ्यावी, बॅच क्रमांक दिसतो का पाहावे आणि पक्के बिल जपून ठेवावे. घरी पिंप ठेवायचे असेल तर सावलीत आडवे ठेवावे, दोन्ही बुचे एका आडव्या रेषेत येतील असे, म्हणजे ती आतून तेलाने झाकलेली राहतात. उभ्या पिंपावर पावसाचे पाणी साचते आणि पिंप रात्री थंड झाले की बुचातून ते पाणी आत ओढले जाते.

सहावी तपासणी: जाळी, फिल्टर आणि हवा

आता पाना हातात घ्यायचा. ओढण्याच्या बाजूची जाळी काढून धुवावी, आणि कागदी फिल्टर असेल तर तो धुण्याचा प्रयत्न न करता नवाच टाकावा. जाळीवर काय सापडते ते नीट पाहावे: सूत सापडले तर कोणीतरी टाकी फडक्याने पुसली होती, पॅकिंगचे तुकडे सापडले तर मागच्या दुरुस्तीत पॅकिंगचा मसाला जास्त लावला होता, रबराचे काळे तुकडे सापडले तर एखादे सील फाटत आहे.

फिल्टर स्वच्छ असूनही फेस येत असेल, तर ओढण्याच्या पाइपाच्या सांध्यातून हवा शिरत असते. ही जागा फसवी असते, कारण तेथे तेल बाहेर गळत नाही, हवाच आत जाते, आणि वरून सगळे कोरडे दिसते. पंप बाहेर असलेल्या ट्रॅक्टरांत, इंजिन सावकाश चालू ठेवून सांध्यावर थोडे तेल लावून पाहावे. आवाज बदलला तर तीच जागा. तेथली ओ-रिंग किंवा क्लॅम्प बदलायला फार खर्च येत नाही.

सातवी पायरी: तेल पूर्ण बदलणे

पाणी, गाळ किंवा मिश्र तेल सापडले असेल, तर अर्धे काढून अर्धे भरण्याने काही साधत नाही. ट्रॅक्टर काम करून गरम असताना तेल काढावे, म्हणजे गाळ तेलाबरोबर वाहून येतो. टाकीला एकापेक्षा जास्त ड्रेन बोल्ट असतात आणि सगळे उघडले नाहीत तर धुऱ्यांच्या बाजूला जुने तेल उरते. डिझेल किंवा रॉकेल ओतून, इंजिन चालवून टाकी धुण्याची रीत मी सोडून दिली आहे. ते आत उरतेच, नवे तेल पातळ करते आणि त्या काही मिनिटांत पंप कोरडा घासला जातो. तेल फारच खराब असेल, तर त्याच प्रतीचे थोडे तेल भरून, लिफ्ट काही वेळा चालवून ते काढून टाकावे आणि मग पूर्ण भरावे. हे महाग पडते, हे मी जाणतो. पुष्कळ मध्यम ट्रॅक्टरांच्या टाकीत ३० ते ६० लिटर तेल बसते, म्हणूनच आधीच्या सगळ्या तपासण्या करून खात्री झाल्यावरच ही पायरी घ्यावी.

नवे तेल भरल्यावर अवजाराशिवाय लिफ्ट दहा-बारा वेळा वर-खाली करावी, म्हणजे अडकलेली हवा निघते. मग पातळी पुन्हा पाहावी आणि मीटरचे तास व तारीख टाकीजवळ रंगाने लिहून ठेवावी. काढलेले तेल नाल्यात किंवा विहिरीच्या कडेला ओतू नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे.

कुठे थांबावे

एवढे सगळे करूनही लिफ्ट उचलत नसेल, तर पुढचे काम घरी करू नये. पुढची परीक्षा दाब मोजण्याची असते. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये साधारण १५० ते २०० बारचा दाब असतो, आणि त्यासाठी योग्य गेज, योग्य जोड आणि ते लावण्याची सवय लागते. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून दाब वाढवण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये. लिफ्ट दोन दिवस चालते आणि तिसऱ्या दिवशी पाइप फुटतो किंवा लिफ्टचे कव्हर तडकते.

चालू ट्रॅक्टरच्या पाइपावर गळती शोधताना हात कधीही फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवावा. टाचणीच्या छिद्रातून निघणारी तेलाची धार दिसतही नाही आणि कातडीतून आत घुसते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण ही तातडीच्या शस्त्रक्रियेची बाब आहे. असे झाले तर मलम लावून वाट पाहू नये. त्याच तासाला एमवायएचसारख्या, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जावे आणि "दाबाचे तेल कातडीत गेले आहे" असे त्याच शब्दांत सांगावे. उचललेल्या अवजाराखाली ठोकळे लावल्याशिवाय कोणी जाऊ नये, लिफ्ट कितीही चांगली असली तरी.

तेलात धातूचे तुकडे सापडले, इंजिन बंद असताना अवजार झपाट्याने खाली येते, लिफ्ट वर गेल्यावर उतरतच नाही, किंवा योग्य तेल आणि नवा फिल्टर असूनही गरम झाल्यावर दम जातो, या चारपैकी काहीही असेल तर मिस्त्रीला बोलवावे. त्याच्याकडे जाताना रात्रभर ठेवलेली तेलाची बाटली, थंड आणि गरम अवस्थेत मोजलेले सेकंद, तेलाच्या बादलीचे बिल आणि शेवटचे तेल किती तासांवर बदलले होते तो आकडा बरोबर न्यावा. ट्रॉली भागीतली असेल तर तेही आधीच सांगावे.